जैन सँडविच नावाची वस्तू

मेनूकार्डावरचा ‘जैन’ हा शब्द आता इतका रुळलाय, की त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. जैन पावभाजी, जैन पिझ्झा, जैन मंचुरियन, जैन सँडविच. सगळीकडं अर्थ एकच: कांदा-लसूण-बटाटा वगळून. हलाल आणि कोशर हे शब्दही हॉटेलांच्या पाट्यांवर असतात, पण ते नियमांचे शब्द आहेत. काय चालतं, काय चालत नाही हे सांगणारे. ‘जैन’ हे नियमाचं नाव नाही. ते माणसांचं, एका दर्शनाचं नाव आहे. अनेकांतापासून अपरिग्रहापर्यंत एवढा मोठा विचार, आणि बाजारानं त्यातून तीन जिन्नस नसणं एवढंच उचललं. हे बरं झालं की वाईट, याचा हिशेब मला इथं मांडायचाय. हिशेब तपासणं हा माझा पोटाचा धंदाच आहे. आणि तपासायला मी सँडविच घेतेय, कारण कामाच्या प्रवासात मी सर्वांत जास्त तेच खाते.

लेखापरीक्षणाच्या कामासाठी महिन्यातले आठ-दहा दिवस मी बाहेरगावी असते. एकटी बाई, खांद्याला बॅग, आणि बरोबर लहानपणी आज्जीनं लावलेल्या चार सवयी. अशा प्रवासात सबवे ही साखळी मला आवडत आलीय, आणि ती का आवडते हे आधी नीट सांगायला हवं. 1965 साली अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी फ्रेड डिलुका नावाच्या 17 वर्षांच्या मुलानं कॉलेजचा खर्च निघावा म्हणून सँडविचचं दुकान काढलं. भांडवल हजार डॉलर, तेही पीटर बक या घरच्या ओळखीतल्या अणुशास्त्रज्ञानं दिलेलं. भारतात या साखळीचं पहिलं दुकान 2001 मध्ये दिल्लीत उघडलं. तिची खरी युक्ती चवीत नाही, मांडणीत आहे. समोर काच, काचेमागं भाज्यांचे डबे, आणि आपल्या डोळ्यांदेखत एकेक जिन्नस पावात पडत जातो. टोमॅटो घाला, काकडी घाला, सिमला मिरची घाला. कांदा नको. तो सॉस नको. भारतातल्या दुकानांत शाकाहारी आणि मांसाहारी जिन्नसांच्या जागाही वेगळ्या ठेवलेल्या असतात.

ज्यांना सगळं चालतं त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण साध्या हॉटेलात बसून ‘भाजीत कांदा आहे का’ असं विचारून बघा. वेटर म्हणतो, नाही. मग आपण विचारायचं, ग्रेव्हीत? तो आत जातो, बाहेर येतो, म्हणतो, ग्रेव्हीत असतोच. मग शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारतं, तुम्ही जैन का? आणि आडनाव ऐकून पुढचा प्रश्न येतो, पाटील आणि जैन कसं काय? आमच्या सांगली-कोल्हापूर भागात जैन पाटील असतात, चौगुले असतात, मगदूम असतात, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे असतात. हे प्रत्येक गावी नव्यानं सांगत बसायचं, आणि तोवर समोरची पोळी गार. काचेमागच्या डब्यांनी माझी यातून सुटका केली. तिथं मला धर्म सांगावा लागत नाही, आडनाव सांगावं लागत नाही, बरोबर कोण आलंय हे कुणी विचारत नाही. बोट दाखवायचं आणि ‘हे नको’ म्हणायचं. कारण न देता नको म्हणता येणं, ही बाईच्या आयुष्यात कमी वेळा मिळणारी गोष्ट आहे. या साखळीचं माझ्यावर असलेलं ऋण हे आहे, आणि पुढं जे काही लिहीन त्यानं ते कमी होत नाही.

आता उज्जैन. डिसेंबरात कामासाठी पाच दिवस माझा मुक्काम तिथल्या माधव नगरात होता. सांगलीजवळही एक माधवनगर आहे, त्यामुळं पत्ता हातात पडला तेव्हा जरा हसूच आलं. उज्जैनचं माधव नगर म्हणजे फ्रीगंजचा भाग. नाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं. मराठी माणसाला हे गाव तसं परकं नाहीच. महाकाळाचं आज दिसणारं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी बांधून घेतलेलं. 2022 च्या ऑक्टोबरात ‘महाकाल लोक’ सुरू झालं आणि गावातली गर्दी वाढली. गर्दी वाढली की हॉटेलं वाढतात, आणि हॉटेलं वाढली की पाट्या वाढतात. ‘शुद्ध शाकाहारी’ आणि त्याखाली ‘जैन भोजन उपलब्ध’ या दोन पाट्या तिथं पावलोपावली दिसतात.

इंदूरला उतरल्यावर मी माझं नेहमीचं सबवे खाल्लं होतं. पुढं 55 किलोमीटरवर उज्जैन. तिथं पाच दिवस संध्याकाळचं खाणं टॉवर चौकाच्या बाजूला, गाड्यांवर. का, ते सांगते. डिसेंबरात उज्जैनला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तानंतर शक्यतो खायचं नाही ही माझी सवय आहे. व्रत म्हणण्याइतकी कडक नाही, पण सवय आहे. कचेरीतनं सव्वापाचला निसटायचं आणि अर्ध्या तासात पोटात काहीतरी घालायचं. त्या वेळात जेवणाची हॉटेलं बंद असतात, नाहीतर कांदा चिरत असतात. मी ज्या हॉटेलात उतरले होते तिथं खोलीत एक छापील कार्ड होतं. त्यावर जैन थाळी होती, सहा जैन भाज्या होत्या, जैन पुलाव होता. आणि खाली जेवणाची वेळ: संध्याकाळी 7 ते रात्री 11.

मी ते कार्ड दोनदा वाचलं. जैन जेवण आहे, पण फक्त अंधार पडल्यावर. कांदा-लसूण काढायची आठवण ज्याला झाली त्याला सूर्याची झाली नाही. यात त्या मालकाला दोष देण्यासारखं काही नाही. त्यानं बाजारात ‘जैन’ या शब्दाचा जो अर्थ चालतो तोच छापला. पण मला तिथं पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की या शब्दातून काय काय गळून गेलंय. वेळ गळालीय. माप गळालंय. बटाटा तेवढा राहिलाय, म्हणजे त्याचं नसणं राहिलंय.

आमच्याकडं आहाराचा विचार नुसत्या यादीचा कधीच नव्हता. आज्जीच्या घरात पिठाला मर्यादा होती: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्यापुढचं पीठ चालायचं नाही. पाणी गाळून घ्यायचं. सांगली म्हणजे हळदीची पेठ. हळद हा कंदच, पण ओली हळद नाही आणि वाळलेली चालते, तसंच आलं नाही आणि सुंठ चालते. लहानपणी मी म्हणायचे, आज्जी, हे तर तेच आहे. ती म्हणायची, तेच नाही गं बाई, वाळलं की त्यात पुन्हा उगवायची धडपड राहत नाही. उगवायची धडपड! जमिनीतल्या कंदात एका देहात अनंत जीव असतात, हे शास्त्र तिनं मला एवढ्या एका वाक्यात शिकवलं. ती शेतकऱ्याची बायको होती. उगवणं म्हणजे काय हे तिला शब्दांतनं शिकावं लागलं नव्हतं.

आणि बाह्य तपांची नावं बघा. उपवास तर आहेच. त्याच्या लगेच पुढं अवमौदर्य आहे, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. मग वृत्तिपरिसंख्यान: मुनी आहाराला निघण्यापूर्वी मनात एक अट धरतात, ती कुणाला सांगत नाहीत, आणि ती जुळली नाही तर न जेवता परत फिरतात. मग रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडणं. आता यांच्याशेजारी सँडविचच्या काउंटरवरचे प्रश्न ठेवा. सहा इंची की फूटभर? चीज जास्तीचं? सॉस कुठला, दोन घालू? सोबत कुकी? अट तिथंही ग्राहकच घालतो, पण ती आपल्याला हवं तस्संच मिळावं म्हणून. मुनींची अट मिळण्याचा रस्ता अरुंद करते आणि काउंटरवरची अट तो रुंद करते. मी रोज मुनींसारखं जेवावं असं माझं म्हणणं नाही. मला भूक लागते आणि मी कुकीही खाते. माझं म्हणणं एवढंच, की ज्या काउंटरवर सगळे प्रश्न ‘आणखी काय’ असे असतात, त्यावर ‘जैन’ ही पाटी लावली की त्या शब्दाचं तोंड उलट्या दिशेला वळतं.

आता सँडविचच तपासू. कडक नियमानं बघितलं तर पावच चालत नाही. मैदा, त्यात खमीर, आदल्या दिवशी भाजलेला. लोणच्यातली मिरची, व्हिनेगरमधले ऑलिव्ह, बाटलीतले सॉस, सगळेच मर्यादेबाहेरचे. म्हणजे ‘जैन सँडविच’ ही वस्तू शास्त्राप्रमाणं अस्तित्वातच नाही. मी पाव खाते. त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही, पण तो खाताना मी जैन आहार करतेय असंही समजत नाही. मी कांदा-बटाट्याविना सँडविच खातेय. एवढं खरं आहे आणि एवढं पुरे.

मुंबईच्या रस्त्यावरचा सँडविचवाला या परदेशी साखळ्यांच्या कितीतरी आधीपासून हे करत आलाय. त्याच्या मूळ सँडविचात उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा आणि हिरवी चटणी. जैन गिऱ्हाईक आलं की बटाटा, बीट, कांदा बाजूला. पावभाजीत त्यानं बटाट्याच्या जागी कच्चं केळं आणलं. ही त्याची हुशारी मला फार आवडते. पण तोच सँडविचवाला जैन सँडविचवर लोण्याचा हात सैल सोडतो. आता समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार उघडून बघा. गृहस्थांच्या आचाराचा हा जुना ग्रंथ. आमच्या भागात अनेक घरांत असतो. त्यात जे सोडायचं म्हणून सांगितलंय त्यात मुळा आहे, ओलं आलं आहे, कडुनिंबाचं फूल आहे, केतकी आहे, आणि लोणी आहे. कारणही दिलंय: फळ थोडं, घात फार. मुळ्याच्या शेजारी लोणी बसलेलं आहे, पण लोणी काढून ‘जैन’ करून देणारा गाडा मला अजून भेटलेला नाही. यादीतलं जे काढायला सोपं आणि ज्याशिवाय चव भागते ते काढलं, आणि ज्यावर चव उभी आहे ते राहू दिलं. बाजाराची निवड अशीच असणार.

याच ग्रंथात लगेच पुढं एक विचार आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा निकाल तिथं लागतो. आचार्य म्हणतात त्याचा आशय असा: जी गोष्ट आपल्याला घेता आली असती, जी योग्यच होती, तिच्यापासून ठरवून, समजून मागं फिरणं याला व्रत म्हणतात. नसणं म्हणजे व्रत नव्हे. वाळवंटात पोहायचं नाही असं व्रत कुणी घेत नाही. मग ज्या काउंटरवर कांदा मुळातच नाही, तिथं मी कांदा सोडला असं कसं म्हणणार? तो दुकानदारानं सोडलाय, गिऱ्हाइकी मिळावी म्हणून. मी फक्त पैसे दिले. काचेमागं कांद्याचा डबा भरलेला आहे, वास येतोय, आणि मी म्हणते ‘तो नको’: या दोन शब्दांत निदान माझं काहीतरी आहे.

हे केवळ शब्दांचं भांडण नाही. शब्दांना हद्द असावी लागते हे हिशेबवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. 2020 मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढं सबवेच्याच पावाचा खटला आला होता. तिथल्या कर-कायद्यात पाव ही मूलभूत गरज, तिच्यावर कर नाही; पण पाव म्हणवून घ्यायचं तर साखर पिठाच्या वजनाच्या 2 टक्क्यांपुढं जाता कामा नये. या पावात ती सुमारे 10 टक्के निघाली. न्यायालयानं सांगितलं, या सवलतीपुरता हा पाव नव्हे. पाव या शब्दाला तिथं हद्द आहे. आपल्याकडं 2001 पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहाराचा हिरवा ठिपका सक्तीचा झाला, त्यालाही व्याख्या आहे: अंडं मांसाहारात, दूध शाकाहारात. कांद्या-बटाट्याचा प्रश्न त्या ठिपक्याच्या कक्षेबाहेरचा. आणि ‘जैन’ हा शब्द लावायला? स्वयंपाक्याला जे आठवेल ते. उज्जैनला एके दिवशी कचेरीतल्या एका मुलानं मोठ्या अगत्यानं माझ्यासाठी डबा मागवला. म्हणाला, ‘मॅडम, आपके लिए स्पेशल जैन बोला है.’ उघडला तर जैन सँडविच, आणि शेजारी चांगले मूठभर बटाट्याचे वेफर्स. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठल्याही दुकानात होतं. मी सँडविच खाल्लं, वेफर्स त्याला दिले. दोघंही खूश.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. 2013 च्या मार्चमध्ये सबवेनं अहमदाबादच्या पालडी भागात संपूर्ण शाकाहारी दुकान उघडलं आणि तिथं जैन खाणंही ठेवलं. त्याच्या आदल्या वर्षी पंजाबातल्या लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात त्यांचं पहिलं संपूर्ण शाकाहारी दुकान निघालं होतं. पालडी हा जैनांच्या दाट वस्तीचा भाग. ज्या घरातली म्हातारी माणसं बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीला वर्गातल्या मैत्रिणीबरोबर बसून तेच खाता येणं, ही काही छोटी गोष्ट नाही. मी ती पोरगी होते. शाळेच्या सहलीत सगळे बटाटेवडा खात होते आणि मी घरची दशमी सोडून बसले होते, तेव्हा मला धर्माचा अभिमान बिभिमान काही वाटला नव्हता, फक्त एकटं वाटलं होतं. पालडीच्या काउंटरनं कुणाचा असा एकटेपणा घालवला असेल तर त्याला नावं ठेवणारी मी कोण?

पण एकटेपणा घालवणारी सोय आणि वेगळं बसवणारी भिंत यांच्यात अंतर फार थोडं असतं. पदार्थावरची पाटी माणसावर जायला वेळ लागत नाही. 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोनं फक्त शुद्ध शाकाहारी हॉटेलांचं खाणं पोचवणारा वेगळा ताफा जाहीर केला. त्यातल्या पोऱ्यांना हिरवे कपडे आणि हिरवे डबे. एका दिवसात एवढी टीका झाली, की हिरवे कपडे मागं घेऊन सगळ्यांना पुन्हा लालच कपडे ठेवावे लागले. भीती उघड होती: उद्या एखादी सोसायटी लाल कपड्यातल्या पोराला दारातच अडवेल, आणि डब्यात काय आहे यावरून तो कोण आहे हे ठरवलं जाईल. अन्नाची शुद्धता अशी जिना चढून माणसाच्या अंगाला लागते. भाड्यानं घर बघताना ‘तुम्ही काय खाता’ हा प्रश्न आडनावाच्या प्रश्नाऐवजी विचारला जातो, हे आपण सगळेच जाणतो. आणि त्या प्रश्नामागं बऱ्याचदा आमच्याच समाजाची माणसं उभी असतात. ते मला टोचतं.

टोचतं, कारण आमच्या भागात याचं उत्तर एका जैन माणसानंच देऊन ठेवलंय. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजला जन्मले, शेतकरी जैन घरात. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना अंघोळ करून आत यायला सांगितलं, ते त्यांनी नाकारलं, आणि बोर्डिंग सुटलं. पुढं 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, जिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. भाऊरावांनी अहिंसा सोडली असं कुणी म्हणणार नाही. मी काय खात नाही आणि मी कुणाबरोबर खात नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत एवढं त्यांना दिसलं. पहिल्या प्रश्नाला धर्मात जागा आहे. दुसऱ्याला नाही. स्वतंत्र काउंटर पहिल्या प्रश्नासाठी उघडतो, पण रांगेतल्या लोकांना हळूहळू दुसऱ्याची सवय लागते.

म्हणून मला टॉवर चौकातली ती गाडी साखळीपेक्षा काही बाबतींत उजवी वाटली. गाडीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, ‘दीदी, जैन?’ मी म्हणाले, ‘प्याज, आलू, चुकंदर नहीं.’ तो म्हणाला, ‘मतलब जैन.’ मी म्हणाले, ‘मतलब प्याज, आलू, चुकंदर नहीं.’ तो हसला, आणि मग खरं संभाषण सुरू झालं. लाल चटणीत लसूण आहे, ती घालत नाही. माळव्यात सगळ्यावर शेव पडते. लसणाची शेव वेगळी, लवंगेची वेगळी, तुम्हाला लवंगेची घालतो. लोणी किती? मी म्हणाले, नको. त्यानं वर बघितलं. ‘बटर तो जैन में चलता है!’ मी म्हणाले, चालत असेल, पण आज नको. तिसऱ्या दिवसापासून त्यानं ‘जैन’ म्हणणं सोडलं. विचारायचा, ‘आज क्या नहीं?’

इतक्या वर्षांत काउंटरवर ऐकलेला हा मला सर्वांत योग्य प्रश्न वाटतो. ‘तुम्ही कोण’ याचं उत्तर त्याला नको होतं, ‘आणखी काय’ हे त्याला विचारायचं नव्हतं. आज काय सोडताय, एवढंच. अवमौदर्य, रसपरित्याग हे शब्द त्यानं ऐकलेले असण्याचं कारण नाही, पण प्रश्न त्यांच्याच जातकुळीतला. साखळीच्या दुकानात मला नको म्हणायची मोकळीक मिळाली आणि गाडीवर नको म्हणण्यातली जबाबदारी. दोन्ही लागतात. दमलेल्या दिवशी मी काचेमागच्या डब्यांकडंच जाईन. डोळ्यांसमोर चिरलेली, झाकलेली स्वच्छ भाजी आणि बसायला खुर्ची, हे गाडीवर नसतं. गाडीवरची सुरी एकच असते आणि ती कांद्यातूनही जाते, हेही मला माहीत आहे. ज्याला तेवढंही चालत नाही त्यानं गाडीवर जाऊ नये. घरची दशमी न्यावी, मान ताठ ठेवून खावी.

उज्जैनच्याच एका कथेचा दाखला देते, कारण ती याच गावची आहे आणि दोन्ही संप्रदायांत सांगितली जाते. राजकन्या मैनासुंदरी, श्वेतांबर तिला मयणासुंदरी म्हणतात. बाप विचारतो, तुझं सुख कुणामुळं? ती म्हणते, माझ्या कर्मामुळं. तुमच्यामुळं, असं म्हणत नाही. चिडलेला राजा तिचं लग्न कोड झालेल्या श्रीपाळाशी लावतो. ती सिद्धचक्राची आराधना करते आणि श्रीपाळ बरा होतो. श्वेतांबरांत या कथेला धरून आयंबिलच्या ओळी होतात: नऊ दिवस, दिवसातून एकदा, दूध-तूप-तेल-गोड काही नसलेलं अळणी अन्न. खारा कुवा भागात या सिद्धचक्राचं तीर्थही आहे. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्यानं बघावं. मला त्या मुलीचं उत्तर महत्त्वाचं वाटतं. राजवाड्यात सगळं समोर असताना तिनं आपल्या जेवणाचा आणि आपल्या सुखदुःखाचा हिशेब स्वतःच्या नावावर घेतला. बापाच्या नावावर टाकला नाही.

तपासणीचा निष्कर्ष असा. सबवेच्या काउंटरची मांडणी उत्तम, ती तशीच राहावी, आणि प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते ठळक लिहावं: कांदा, लसूण, बटाटा, अंडं, मध, सगळं. ज्याला जे टाळायचंय तो वाचून टाळेल. त्यात जैन येतील, एकादशी करणारे येतील, पोटाचे रोगी येतील. ‘जैन’ हा शब्द मात्र पाटीवरून काढला तर कुणाचं काही बिघडणार नाही. तो पदार्थाला लावण्याजोगा शब्दच नाही. आणि आम्ही जैनांनी काउंटरवर उभं राहिल्यावर धर्माचं नाव सांगायच्या ऐवजी जिन्नसाचं नाव सांगावं. जरा जास्त बोलावं लागेल, मागं रांग असेल तर लोक चुळबुळ करतील. पण काय सोडतोय हे मोठ्यानं म्हणताना आपल्यालाही ते एकदा ऐकू येतं.